माणसांचा रकाना

१

हवामान कचेरीत मी बत्तीस वर्षं नोंदी लिहिल्या. सकाळी आठ, दुपारी दोन, संध्याकाळी आठ. निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी मला भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं, म्हणजे रोज वेळ बघून वैतागलेल्या माणसाला आणखी वेळ. घरी बसल्यावरही सवय सुटेना. मग गच्चीवर पर्जन्यमापक ठेवला, तापमापकांसाठी जाळीची पेटी ठोकली आणि इंटरनेटवर स्वतःचं एक पान काढलं. रोजचं कमाल तापमान, किमान तापमान, पाऊस. चित्र नाही, रंग नाही. ताई म्हणते, ते पान उघडलं की डोळे मिटतात, आणि झोपेच्या गोळीसारखा त्याचा अपायही नाही.

ताई माझी थोरली बहीण, चौऱ्याहत्तर वर्षांची. तिचं लग्न झालं नाही, माझंही नाही, आणि का नाही याची चौकशी करणारे सगळे एकेक करून वारले. गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीघरात घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन नीट झालं, हाड जुळलं, पण ती उठली नाही. तेव्हापासून मागच्या खोलीत पलंगावर आहे.

डॉक्टरांनी मला व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं की आता प्रश्न हाडाचा नाही, इच्छेचा आहे. अशी माणसं भांडत नाहीत, कण्हत नाहीत, फक्त जेवण कमी करत जातात. ताई तेव्हा चार घासांवर आली होती. मी रोज ते घास मोजायचो. ती गेली तर ह्या घरात माझ्याशी बोलणारं कुणी उरणार नव्हतं, आणि मला कुणाशी बोलायची सवय नव्हती.

२

माझ्या पानाच्या तळाशी ‘इतरांची पानं’ अशी यादी आहे. अकरा दुवे. कुणी ढग लिहून ठेवतो, कुणी धुकं, एक निवृत्त शिक्षिका फक्त वाऱ्याची दिशा लिहिते. आम्हा लोकांचा एक रिवाज आहे: ज्याने आपला दुवा त्याच्या पानावर लावला, त्याचा आपण आपल्या पानावर लावायचा. कुणी नमस्कार केला की आपणही हात जोडतो, तेवढंच. मी मात्र आधी ते पान महिनाभर वाचतो, मगच लावतो. अकरा वर्षांत हा नियम मी मोडला नव्हता.

दर रविवारी सकाळी मी एकेक दुवा दाबून बघतो. एखादा उघडत नाही. तीन आठवडे वाट बघायची आणि मग ओळ काढून टाकायची. अशाला आम्ही मेलेला दुवा म्हणतो. कधी कधी नुसता दुवाच मेलेला नसतो, पण ते कळवायला कुणी नसतं.

त्या अकरांतला माझा सगळ्यात जुना म्हणजे नदीवाला. पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेला, राहतो लांब, त्याच्या गावच्या पुलाखालची पाण्याची पातळी रोज लिहितो. आम्ही एकमेकांना कधी पाहिलेलं नाही, पण पत्र आणि फोन चालू असतात. त्याची बायको बरेच दिवस अंथरुणाला खिळली होती, आणि ताई पडल्यापासून आमच्या बोलण्यात नदीपेक्षा औषधंच जास्त असायची. एक दिवस त्याने मला एका नव्या पानाचा पत्ता पाठवला. त्या पानाने माझा दुवा लावला आहे, मीही त्याचा लावावा, आणि ह्या वेळी महिनाभर थांबू नये, असं त्याने लिहिलं होतं. खाली एकच वाक्य होतं: ‘माझ्या शब्दाखातर.’

मी पान उघडलं. रकाने सरळ होते, आकडे एकाखाली एक होते. रकाने सरळ असले की माझा माणसावर विश्वास बसतो, ही माझी खोड आहे. मी ओळ लिहिली, बारावा दुवा लावला आणि वाचायचं नंतरवर टाकलं.

३

वाचलं ते रविवारी. पानाचं नाव ‘खोली’. लिहिणाऱ्याचं नाव नाही, गाव नाही. वेळा माझ्याच: आठ, दोन, आठ. रकाने असे: तापमान, खिडकी, दार, माणसं.

घरातल्या घरात तापमान मोजणारा कुणी गच्ची नसलेला बिचारा असेल, असं मला वाटलं. शनिवार, दुपारी दोन: सत्तावीस पूर्णांक चार, खिडकी अर्धी, दार उघडं, माणसं एक. तो आकडा कुठेतरी पाहिल्यासारखा वाटला. डॉक्टरांनी ताईची खोली उबदार ठेवायला सांगितली होती, म्हणून मी तिथे एक जुना तापमापक टांगला होता आणि वहीत नोंद ठेवत होतो. गच्चीवरची नोंद बरोबर ठोक्याला घ्यावी लागते, म्हणून खोलीतली दहा मिनिटं आधी घ्यायचो. वही काढली. शनिवार दुपार, सत्तावीस पूर्णांक चार.

योगायोग असतात. बंद खोल्यांची तापमानं एकमेकींसारखी असतात. मी आठवडाभराचे आकडे शेजारी शेजारी मांडले. एकवीस नोंदी होत्या, आणि एकवीसही जुळल्या.

आता एक गोष्ट सांगायला हवी. ताईच्या खोलीतला तो तापमापक खोटा आहे. तो सहा दशांश जास्त दाखवतो, म्हणूनच कचेरीने तो टाकून दिला आणि मी घरी आणला. दुसऱ्या कुणाच्या खोलीचं तापमान माझ्याइतकं असू शकतं. पण दुसऱ्या कुणाचा तापमापक नेमका माझ्याइतकाच चुकावा, हे माझ्या पचनी पडेना.

खात्री करून घेणं सोपं होतं. सोमवारी दीड वाजता मी तो तापमापक काढला आणि त्या जागी बरोबर दाखवणारा टांगला. ताई झोपली होती. मी कुणालाही काही बोललो नाही. दोन वाजता पानावर नवी ओळ आली, ती सहा दशांशांनी उतरलेली होती.

त्या संध्याकाळी मी खोलीत कॅमेरा शोधला. पंख्याची वाटी, पडद्याची दांडी, विजेची बटणं, कपाटाचा माथा. काही सापडलं नाही. ताईने काय हरवलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, स्क्रू. ती म्हणाली, ढिला होता हे ठाऊक होतं, पडला कधी?

४

माणसांचा रकाना मी मुद्दाम शेवटी तपासला. तोही चुकत नव्हता. सकाळी आठला ताईचं अंग पुसायला नर्सबाई येते, तेव्हा दोन. दुपारी दोनला आणि संध्याकाळी आठला मी गच्चीवर असतो, तेव्हा एक. मला त्यात विशेष वाटलं नाही. आकडे बरोबर असले की मला आपोआप धीर येतो, ते कुठून आले हा प्रश्न मागे पडतो. बत्तीस वर्षांच्या नोकरीने अक्कल अशी एका अंगाने वाढते.

गुरुवारी दुपारी गच्चीवरून उतरून मी टेबलाशी बसलो आणि पान उघडलं. दोन वाजताची ओळ: खिडकी अर्धी, दार उघडं, माणसं दोन.

नर्सबाई दहालाच गेली होती. बाहेरच्या दाराला आतून कडी होती. मी उठलो आणि मधल्या बोळातून मागच्या खोलीकडे गेलो. बोळात पाण्याच्या पिंपाचा नळ ठिबकत होता. तो बंद करून मगच पुढे गेलो, म्हणजे मी घाबरलेलो नव्हतो, किंवा पोचायची घाई मला नव्हती.

ताई जागी होती, पलंगाच्या पायथ्याकडे बघत होती. तिची गादी फोमची आहे. त्यावरून माणूस उठला की खळगा लगेच भरत नाही, थोडा वेळ घेतो. पायथ्याशी, कडेला, बसणाऱ्याच्या आकाराचा एक खळगा होता आणि तो हळूहळू वर येत होता. मी दारात उभा राहून तो पूर्ण भरेपर्यंत बघत राहिलो. चादरीवर फक्त दोन सुरकुत्या उरल्या.

“इतक्यात उठलास?” ताई म्हणाली. “बस ना अजून.”

मी दारातून एक पाऊल आत टाकलं.

“चार दिवस झाले, दुपारी उशिरा येऊन बसतोस, आज लवकर आलास. बोलत नाहीस, पण बरं वाटतं रे. मी आपली समजत होते, तुझा सगळा जीव त्या कॉम्प्युटरात.”

मला आधी भीती वाटायला हवी होती. आधी लाज वाटली. ताई पडल्यापासून मी एकही दुपार तिच्यापाशी बसलो नव्हतो. घास मोजत होतो, पारा मोजत होतो, आणि ती बिचारी माझ्या नसलेल्या बसण्याचं कौतुक करत होती. तो मी नव्हतो, हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

५

त्या आठवड्यात ताई चार घासांवरून पोटभर जेवणावर आली. आरसा मागितला, केस विंचरून घेतले, नर्सबाईला तिच्या चपलांवरून चिडवलं. शनिवारी ती काठी धरून मिनिटभर उभी राहिली. डॉक्टर खूश झाले, आणि घरात कुणाची सोबत वाढली आहे का, असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते खोटं नव्हतं.

मग मीही दुपारी बसू लागलो. पहिल्या दिवशी गच्चीवरची दोनची नोंद चुकली, पान काढल्यापासून पहिल्यांदाच. मी खुर्ची पलंगाच्या बाजूला घेतली. ताईने पाय भिंतीकडे ओढून घेतले, पायथ्याशी दुसऱ्या कुणाला जागा करून द्यावी तसे. तिच्या ते ध्यानातही आलं नसावं. दोन वाजून गेल्यावर मी फोनवर पान उघडलं. माणसं तीन.

मी मान वर करून खोलीभर नजर फिरवली. पण खोलीत बघण्यासारखं काहीही नव्हतं. भिंतीला पिवळसर रंग, औषधांचा ट्रे, अर्धी खिडकी, तिच्यातून समोरच्या इमारतीचा जिना. पंख्याचा आवाज येत होता, घड्याळाचा येत होता, ताईच्या श्वासाचा, माझ्या श्वासाचा. मोजायची सवय वाईट असते. श्वासांपाशी पोचल्यावर मी मोजणं थांबवलं.

६

नदीवाल्याला फोन केला. त्याने आधी ताईची चौकशी केली, सुधारतेय ना, असं विचारलं, आणि ते विचारताना त्याला उत्तर ठाऊक असल्यासारखं वाटलं. माझ्या सांगण्यावरून त्याने ‘खोली’ उघडलं आणि मीही उघडलं. एकच पत्ता, एकच वेळ. माझ्यासमोर सव्वीस पूर्णांक आठ होतं. त्याने एकोणीस पूर्णांक दोन वाचलं, खिडकी बंद. त्याची बायको असते त्या खोलीत एकोणीसच असणार, तिकडे थंडी असते.

वहिनी कशा आहेत, मी विचारलं. तो म्हणाला, छान आहे, आता स्वयंपाकघरापर्यंत जाते. मागे कुणीतरी कपाट उघडलं, भांडं ठेवलं. त्या आवाजात काही वावगं नव्हतं.

मग मी सांगितलं की हा दुवा काढावा असं माझ्या मनात आहे.

“काढू नका,” तो म्हणाला. “मी एकदा काढला होता. एकच दिवस.”

“मग?”

“मग परत लावला.”

काय झालं, हे मी दोनदा विचारलं. दोन्ही वेळा तो नदीबद्दल बोलला, पाणी किती उतरलं आहे ते. शेवटी त्याने माझी माफी मागितली, कशाबद्दल ते सांगितलं नाही, आणि फोन ठेवला.

७

मी विचार करणारा माणूस आहे. ऐकावे जनाचे, करावे मनाचे. ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही अशाने आजारी माणसाच्या उशापायथ्याशी बसू नये, असं माझं मत झालं. आणि दुसरी गोष्ट मला झोपू देईना: आमच्या रिवाजात एकतर्फी काही नसतं. त्याने मला लावलं, मी त्याला लावलं, इथवर ठीक. पण आता तो रोज दुपारी येऊन ताईला बरं करत होता. त्याच्या बदल्यात मी काय लावायचं, हे कुणी सांगितलं नव्हतं. ताईवर कुणाचा हक्क लागण्याआधी हे मिटवायला हवं होतं.

रविवारी दुपारी एक वाजता मी माझ्या पानावरची ती बारावी ओळ खोडली. खोडायला तीन सेकंद लागले. यादी पुन्हा अकराची झाली. मग ताईच्या खोलीत जाऊन खुर्चीत बसलो.

ताई नेहमीसारखीच बोलत होती. समोरच्या जिन्यावर एक बाई रोज तीच पिशवी घेऊन दोनदा चढते, म्हणजे पहिल्या खेपेला ती काय विसरते, यावर तिचा अंदाज चालला होता. ती पाय पसरून पडली होती, तळवे पायथ्यापर्यंत. ते बघून मला हायसं वाटलं. पीडा गेली, आता आम्ही दोघंच, असं मी मनाशी म्हटलं. दुवा पानावर नसला तरी पत्ता मला पाठ होता. दोन वाजता फोनवर ‘खोली’ उघडलं, फक्त ‘दोन’ हा आकडा डोळ्यांनी बघावा म्हणून.

सव्वीस पूर्णांक पाच. खिडकी अर्धी. दार उघडं. माणसं एक.

८

मी पान पुन्हा उघडलं. एक. भिंतीवरचा तापमापक पाहिला, सव्वीस पूर्णांक पाच. खिडकी अर्धी होती, दार उघडं होतं. त्या पानाने आजवर चूक केलेली नव्हती.

“काय बघतोयस?” ताईने विचारलं.

मी म्हटलं, हवामान.

“खिडकीबाहेर फुकट दिसतं की,” ती म्हणाली. तिच्या बोलण्यात, हसण्यात, मान तिरकी करण्यात कणभरही फरक नव्हता. तेच मला सहन होईना.

डोकं मात्र सवयीने चालत राहिलं. खोलीत दोन जण दिसतात, नोंद एकाची आहे, तर कुणाची मोजदाद झालेली नाही? हे शोधायची पद्धत अगदी सोपी. संध्याकाळी आठला मी खोलीबाहेर थांबायचं. एक आला तर ती मोजली जाते, मी नाही. शून्य आला तर. अशा तपासण्या मी जन्मभर केल्या आहेत, कचेरीत नव्या पोरांना शिकवल्या आहेत. दार तीन पावलांवर होतं. शून्याचं वाक्य मला मनातसुद्धा पूर्ण करता येईना. मी तिचा हात हातात घेतला, तो उबदार होता, आणि उबदार असण्याने काही सिद्ध होत नाही हेही मला कळत होतं.

दुसऱ्या हाताने, फोनवरूनच, मी माझं पान उघडलं आणि ती ओळ पुन्हा लिहिली. अंगठा दोनदा चुकला. बारावा दुवा लागला. नवी नोंद आठ वाजता येणार होती.

सहा तास मी त्या खुर्चीतून उठलो नाही. ताईला हे नवीन होतं. आधी तिने चेष्टा केली, मग लहानपणीचं काही बोलली, मी हो हो म्हणत राहिलो. साडेचारला तिला डुलकी लागली. तिची छाती वर खाली होत होती. मी ती बघत होतो आणि देव जाणे कुणाची विनवणी करत होतो. जन्मात एवढा वेळ मी तिच्याजवळ बसलो नव्हतो. खिडकीतला उजेड जिन्यावरून सरकत गेला, समोर एकेक दिवा लागला. ताई जागी झाली, मला तिथेच पाहून म्हणाली, तुझी तब्येत बरी नसावी.

आठ वाजता नवी ओळ आली. माणसं तीन.

मला रडू फुटलं. ज्या आकड्याने त्या दुपारी मला घाबरवलं होतं तोच आकडा पाहून मी पोरासारखा रडलो, कारण त्या तिघांत एक ताई होती. बाकी हिशेब मला नको होता. काय झालं, ताईने विचारलं. डोळ्यात काहीतरी गेलं, मी म्हटलं. तिने पदराच्या टोकाने माझे डोळे पुसले आणि मग, बोलता बोलता, पाय भिंतीकडे ओढून घेतले. मी उठून माझी खुर्ची वीतभर मागे सरकवली, पायथ्याशी बसणाऱ्याच्या गुडघ्यांना अडचण नको म्हणून.